पोलादी नळीची जुनी रायफल-दुर्बीण: कुठली, कधीची?

योतेबोरकर

नमस्कार मंडळी. इथे स्वीडनमध्ये गावोगाव 'लोप्पिस' म्हणजे जुने बाजार भरतात. त्यात एका शिकाऱ्याच्या घरच्या सामानात रायफलवर बसवायची ही दुर्बीण मिळाली. मला शिकारीत रस नाही, बंदूक नाही आणि घ्यायचीही नाही. पण यंत्र म्हणून वस्तू अशी देखणी की खाली ठेववेना.

फोटो चढत नाहीयेत म्हणून वर्णन करतो. नळी काळी-निळसर, हातात घेतली की चांगलीच जड. लोहचुंबक टचकन चिकटतो. पुढचं तोंड फुगीर, डोळ्याकडची बाजूही थोडी फुगलेली. वर एकच घुंडी आहे, बाजूला काही नाही. नळीच्या पोटाला एक लांब पट्टी आणि पट्टीला दोन पाय. पुढच्या पायाला खाली दोन नख्या आहेत. नाव घासलं गेलंय, शेवटची ए-सी-के एवढीच अक्षरं लागतात. त्यापुढे ४x९० मात्र स्वच्छ वाचता येतं. आत पाहिलं तर खालून एक जाड टोकदार खांब, दोन्ही बाजूंनी जाड आडव्या पट्ट्या आणि मधे मोकळं.

४ म्हणजे चारपट, हे समजलं. ९० कसले? विकणारा म्हणाला 'स्नायपरची आहे', आणि किंमतही त्याच तोऱ्यात सांगितली. घासाघीस करून घेतली खरी, पण आता कुतूहल गप्प बसू देत नाही.

शंकासूर

शिकारीच्या हत्यारांचं कौतुक इथे चालतं का? नुसतं विचारतोय.

संपादक

वस्तूच्या इतिहासाबद्दल बोलायला हरकत नाही. खरेदी-विक्रीच्या जाहिराती आणि शिकारीच्या फुशारक्या दिसल्या तर उडवल्या जातील.

जुनाट

योतेबोरकर, नाव आणि आकडा क्षणभर बाजूला ठेवा. या दुर्बिणींच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. अंगावरची अक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची. अक्षरं दुकानदाराची असू शकतात, नंतर कोरलेली असू शकतात, पैशासाठी ठोकलेलीही असू शकतात. नळी, घुंडी, भिंग आणि पाय या चार गोष्टी बदलणं महागात पडतं, म्हणून त्या सहसा खरं बोलतात.

नळीपासून सुरू करा. व्हर्नियर (व्यास अचूक मोजायची सरकपट्टी) असेल तर मधल्या सरळ भागाचा व्यास घ्या. जर्मन-ऑस्ट्रियन घराण्यात तो बहुधा २६ किंवा २६.५ मिमी भरतो. अमेरिकन माल असेल तर एक इंच, म्हणजे २५.४. त्याहून जुन्या अमेरिकन नळ्या बारीक असतात: लायमन अलास्कन पाऊण इंचाहून थोडी जाड, नेमकं सांगायचं तर ७/८ इंच, आणि वीव्हरची ३३० चक्क पाऊण इंच. २६ आणि २५.४ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, पण नळी बंदुकीवर धरणारं कडं बसवताना नेमका तिथेच घोळ होतो. एक इंची कडं जर्मन नळीवर बळेच आवळून चेपलेल्या नळ्या मी ढिगाने पाहिल्यात.

लोहचुंबक चिकटला म्हणजे पोलाद, एवढं बरोबर. पण पोलाद म्हणजे युद्धापूर्वीचं असं समीकरण मांडू नका. हलक्या धातूच्या नळ्या जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाआधीही विकल्या जात होत्या, आणि वीव्हरने के-मालिकेतल्या पोलादी नळ्या १९८० च्या दशकापर्यंत काढल्या. पोलादावरून काळ ठरत नाही, एखाददुसरा कारखाना बाद होतो इतकंच.

आता घुंडी. वर एकच, बाजूला नाही, ही जुन्या जर्मन पद्धतीची ठळक खूण. वरच्या घुंडीने फक्त अंतराप्रमाणे नेम खाली-वर करायचा. डावं-उजवं दुर्बिणीत नसायचंच, ते बंदुकीवरच्या बैठकीत, स्क्रूने सरकवून. घुंडी हळूहळू फिरवा आणि आतल्या खांबाकडे बघा. खांब चित्राच्या मध्यापासून खाली-वर सरकताना दिसला, तर आतली खूणच हलते आहे. पुढे अशी रचना आली की खूण कायम मधोमध दिसते आणि चित्र सरकतं. अमेरिकन बनावटीत हा बदल साधारण १९५० च्या दशकात रुळायला लागला. जर्मन लोकांनी घाई केली नाही, म्हणून त्यांच्या दुर्बिणीला ही कसोटी एकटीच लावू नका.

नख्या असलेले पाय म्हणजे 'झूल' गावच्या पद्धतीची बैठक. थुरिंगियातलं हे गाव बंदूककामासाठी प्रसिद्ध आहे. पुढच्या नख्या बंदुकीच्या खाचेत अडकवायच्या, मागचा पाय दाबला की स्प्रिंगची कळ टक् करून बसते. काढली, लावली, नेम तोच. ही बैठक कारखान्यात होत नसे. बंदूककार एकेका रायफलीवर हाताने घासून बसवत असे, आणि चांगला बंदूककार पायावर रायफलीचा क्रमांक टाकत असे. तुमच्या पायावर आकडे आहेत का, आतल्या बाजूनेही बघा. ते मिळाले तर माझ्या लेखी नळीवरच्या नावापेक्षा जास्त मोलाचे.

खांब आणि दोन आडव्या पट्ट्या ही जर्मन पहिल्या क्रमांकाची खूण. संध्याकाळच्या अंधारात बारीक तार दिसत नाही, जाड खांब दिसतो, म्हणून. ९० चं कोडं मला माहीत आहे, पण ते भिंग सरांनी सांगावं. त्यांचा प्रांत आहे.

भिंग

जुनाटरावांनी चेंडू टोलवलाय, झेलतो. योतेबोरकर, पुढच्या भिंगाचा उघडा व्यास मोजा. माझा अंदाज ३८ मिमीच्या आसपास.

मग असं करा. दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीकडे रोखा आणि डोळ्याकडच्या भिंगाकडे बघा. त्यात उजेडाची एक गोल चकती तरंगताना दिसेल. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागलं की या चकतीचा व्यास येतो. ३८ भागिले ४ म्हणजे ९.५ मिमी. तिचा वर्ग केला की ९०.२५. झाले तुमचे ९०. त्या काळी काही जर्मन कारखाने पुढच्या भिंगाचा व्यास न लिहिता हा 'उजेडाचा आकडा' कोरत. आजच्या पद्धतीने हीच दुर्बीण ४x३८ झाली असती.

उलटही करून बघा. स्वीडिश सैन्याकडे आगा कंपनीची ३x६५ अशी एक दुर्बीण होती. ६५ चं वर्गमूळ साधारण ८, गुणिले ३, म्हणजे पुढचं भिंग सुमारे २४ मिमी. अशा पुष्कळ जुन्या आकड्यांचा गोंधळ या एका वर्गमुळाने सुटतो.

आता गंमत. तरुण माणसाची बाहुली मिट्ट अंधारात फार तर ७ मिमी उघडते, उतारवयात ५ वर येते. ७ चा वर्ग ४९. म्हणजे ९० पैकी जवळपास अर्धा उजेड बुबुळावर पडून वाया. मग उद्योग कशासाठी? चकती मोठी असली की डोळा नेमका मधोमध नसला तरी चित्र काळं पडत नाही. मचाणावर जाड कोट घालून बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत असणारच. पण '९०' हा आकडा कोरण्यामागे दुकानदारीही होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक कसोटी, आणि माझ्या मते काळ ठरवायला सगळ्यात भरवशाची. खोलीतला दिवा पुढच्या भिंगात परावर्तित करून बघा. प्रतिबिंब पांढरंफेक असेल तर भिंगावर लेप नाही. निळसर-जांभळी झाक म्हणजे एकेरी लेप. हिरवट आणि रंगीबेरंगी म्हणजे अनेक थरांचा, अलीकडचा. लेपाची युक्ती झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये पेटंट केली, पण बाजारातल्या मालावर ती सर्रास दिसते ती युद्धानंतर. लेप नसला की काच-हवा अशा प्रत्येक पृष्ठावर साधारण ४ टक्के उजेड परत जातो. आठ पृष्ठं धरली तर पलीकडे ७२ टक्केच पोचतो.

योतेबोरकर

भिंग सर, पट्टीने ३८ च्या आसपासच येतंय!! चकतीही दिसली, ती बघून बायकोलाही पहिल्यांदा या प्रकरणात रस वाटला. दिव्याचं प्रतिबिंब पांढरं आहे, कुठेच निळसर नाही. नळीचा व्यास शेजाऱ्याचं व्हर्नियर आणून मोजतो. पायावर आतून चार आकडी संख्या आहे. नळीवरचा आकडा वेगळा आहे, आणि लांब.

जुनाट

मग आता नाव वाचायला हरकत नाही. शेवटी ए-सी-के आणि पुढे ४x९०: ती 'आयाक' आहे, बर्लिनची. आंद्रेआस याकेनक्रोल या मालकाच्या नावातून कारखान्याचं नाव जुळवलेलं. नळीवरचा लांब आकडा दुर्बिणीचा आणि पायावरचा चार आकडी रायफलीचा, असं मी धरतो. ती रायफल कुठल्या तरी स्वीडिश घरात अजून असेल किंवा वितळवली गेली असेल.

विकणाऱ्याचं 'स्नायपर' कुठून आलं तेही सांगतो. स्वीडिश सैन्याने १९४१ मध्ये आपल्या माउझर एम/९६ रायफलींवर हीच आयाक ४x९० बसवली, त्या प्रकाराला एम/४१ म्हणतात. त्यामुळे तिकडे आयाक दिसली की भाव चढतो. पण लष्करी असेल तर लष्कराचे शिक्के हवेत आणि बैठकही त्या रायफलीची हवी. तुमच्या दुर्बिणीला पोटाखाली पट्टी आणि झूलच्या नख्या आहेत. हा नागरी शिकाऱ्याने बंदूककाराकडून करून घेतलेला साज. माझ्या दृष्टीने तो जास्त रोचक. लष्करी माल एकसारखा असतो, हा एकाच बंदुकीसाठी घडवलेला आहे.

शंकासूर

+१ त्या शेवटच्या वाक्याला. विषय पटला नाही तरी माहिती वाचतोय. एक विचारू? जर्मन दुर्बिणी अशा फुगीर तोंडाच्या आणि अमेरिकन सरळ काठीसारख्या, हे का?

जुनाट

शिकार कशी करायची त्यावरून. मध्य युरोपात उंच माच्यावर बसून संधिप्रकाशात रानडुकराची नाहीतर रो हरणाची वाट बघायची. तिथे उजेड हवा म्हणून तोंड मोठं. अमेरिकेत पायी हिंडत, अचानक समोर आलेल्या हरणावर झटकन रायफल उचलायची. तिथे हलकी, कमी पटीची, डोळ्यापासून लांब धरली तरी चालणारी नळी हवी. लायमन अलास्कन अडीचपट आहे आणि पुढून तिला फुगवटाच नाही. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ नॉस्के यांनी डोळ्यापासूनचं हे अंतर वाढवण्यावर बरंच काम केलं, कारण जोरकस काडतुसाच्या धक्क्याने जवळची दुर्बीण भुवई फोडते. फोडलेल्या भुवया मी पाहिल्या आहेत, चंद्रकोरीच्या आकाराची खूण राहते.

मचाण

आमच्या विदर्भात माझ्या आजोबांच्या पिढीतले शिकारी मला आठवतात. दुर्बीण लावलेली रायफल कुणाकडे पाहिल्याचं आठवत नाही. मचाणावरून वाघ वीस-पंचवीस हातांवर येणार, त्याला दुर्बीण कशाला? नळीला टॉर्च बांधायचे, पण दुर्बीण नाही. कॉर्बेटची .२७५ रिग्बीसुद्धा उघड्या नेमाचीच होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सगळंच संपलं आणि बरं झालं. त्यामुळे 'अमुक संस्थानिकाची वाघाची दुर्बीण' म्हणून कुणी आपल्याकडे जर्मन नळी विकायला आलं, तर आधी दोन्ही डोळे उघडे ठेवा. पहाडातल्या मेंढ्या-बकऱ्यांच्या लांबवरच्या शिकारीला साहेब लोक वापरत असतील, ते निराळं.

जुनाट

मचाणकाका, नेमकं. आणि कहाण्या चिकटवण्याचा रोग फक्त आपल्याकडे नाही. इकडे जर्मनीत युद्धकाळातल्या सांकेतिक अक्षरांचा बाजार आहे. जर्मनांनी कारखान्याच्या नावाऐवजी तीन अक्षरी संकेत छापले: बी-एल-सी म्हणजे येनाचं झाइस, बी-एम-जे म्हणजे वेट्झलारचं हेन्सोल्ट, सी-ए-डी म्हणजे व्हिएन्नाचं काहलेस, डी-डी-एक्स म्हणजे फोइग्टलेंडर. साध्या शिकारी नळीवर ही अक्षरं ठोकली की किंमत दुप्पट-तिप्पट. भिंग लावून अक्षराच्या खाचेत बघा. निळसर मुलामा खाचेच्या तळापर्यंत गेला असेल तर अक्षर मुलाम्याआधीचं. खाचेत उघडं पोलाद चमकत असेल आणि कडेला मुलामा तुटला असेल, तर ते नंतरचं. बंदूककाराने प्रामाणिकपणे टाकलेला क्रमांकही नंतरचाच असतो, तेव्हा नंतरचं म्हणजे खोटंच असं नाही. पण कारखान्याचा संकेत मुलाम्यानंतर यायचं कारण काय?

ह्यूस्टनची_वैनी

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते. आमच्या शेजारच्या आजोबांनी जाताना ह्यांना एक दुर्बीण दिली. ह्यांनी ती कपाटात टाकली, आणि आता हा धागा वाचून मीच बाहेर काढली. सरळ नळी, मागे थोडी जाड, पुढे थोडी जाड. लोहचुंबक चिकटतो. 'वीव्हर', 'के४' आणि 'एल पासो, टेक्सास' असं लिहिलंय, खाली '६०-बी'. व्यास बरोबर एक इंच, मुलाच्या शाळेच्या व्हर्नियरने मोजला. वर आणि बाजूला अशा दोन टोप्या आहेत, त्याखाली नाण्याने फिरवायच्या खाचा. भिंगात निळसर झाक आहे. जुनाटभाऊजी, ही कुठल्या काळातली?

जुनाट

वैनी, तुम्ही तर माझं काम संपवूनच प्रश्न विचारलात. बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये धंदा सुरू केला, १९३३ मध्ये कारखाना एल पासोला आणला. सुरुवातीच्या ३३० ची नळी पाऊण इंची होती. तिचाच एक प्रकार अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात १९०३ए४ स्प्रिंगफील्डवर बसवला. एक इंची नळीची के-मालिका १९४७ ची, आणि एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. म्हणजे के४ आणि एल पासो ही दोन नावं एकत्र वाचली की १९४७ ते १९८४ हा पट्टा नक्की झाला.

'६०-बी' ही आवृत्तीची खूण आहे, सुरुवातीच्या के४ वर ती नसते, म्हणजे तुमची पट्ट्याच्या पहिल्या टोकाची नाही. खातरजमा करायची तर खाच फिरवून बघा. फुली मधोमधच राहिली आणि चित्र सरकलं तर बदललेली रचना आहे. किंमत म्हणाल तर फार नाही. वीव्हरने या नळ्या इतक्या प्रचंड संख्येने विकल्या की अमेरिकेतल्या निम्म्या कपाटांत एकेक असावी असं वाटतं. पण दणकट वस्तू आहे, मला त्या आवडतात.

आणि अमेरिकेत अजून एक लक्षात ठेवा. 'जे. सी. हिगिन्स' नाव दिसलं तर तो कारखाना नाही, सिअर्स दुकानाचा ब्रँड. आमच्या जर्मनीत 'आकाह'चं तसंच. आल्ब्रेख्ट किंट या घाऊक व्यापाऱ्याची ती छाप, आतली नळी दुसऱ्याने बनवलेली असू शकते.

योतेबोरकर

व्हर्नियर मिळालं. सरळ भागात २६.५ च्या जवळ. लेप नाही, एकच घुंडी, आणि घुंडी फिरवली की खांब सरकतो. सगळं जुळलं.

पण आत कडेला पिवळट डाग आहे. एका बाजूला बर्फाच्या फुलासारखं जाळं आणि इंद्रधनुष्यी रेघ. खोलून साफ करू का? पट्टीही काढून नळी नव्याने काळी करून घ्यावी असं इथला एकजण सुचवतोय.

भिंग

खोलू नका. ते जाळं भिंगावर नाही, दोन भिंगांच्या मधे आहे. त्या काळी जोडभिंगं कॅनडा बाल्समने चिकटवत, तो झाडाचा डिंक. वयाने पिवळा पडतो आणि सुटायला लागतो. कापडाने पुसून जाणार नाही. उष्णतेने तो मऊ होतो, म्हणून इंटरनेटवर बघून ओव्हनमध्ये ठेवायचा प्रयोग अजिबात करू नका. मऊ झालेली भिंगं सरकून बसली की केंद्र जातं, मग चित्र बिघडतं. चित्र कामापुरतं दिसतंय ना? राहू द्या तसंच. फारच वाटलं तर जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि आधी विचारा की तो जोडभिंग सोडवून पुन्हा चिकटवतो का. 'नुसतं साफ करून देतो' म्हणाला तर परत या.

जुनाट

पट्टीला तर हातच लावू नका. ती झाळलेली असू शकते, डाक सोडवायला उष्णता द्यावी लागते, आणि ती उष्णता सरळ भिंगसरांच्या डिंकापर्यंत जाते. नळी काळी करून घेतलीत तर अक्षरांच्या कडा घासल्या जातील आणि खाचेतल्या मुलाम्याचा पुरावाही जाईल. त्यानंतर ती खरी की खोटी हे मलाही सांगता येणार नाही. पातळ तेलाचं बोट फिरवा, जास्तीचं पुसून घ्या, भिंगावर तेल लागू देऊ नका. बस.

ह्यूस्टनची_वैनी

माझ्याकडच्या वीव्हरला चामड्याचं घर आहे, आजोबांनीच शिवून घेतलेलं. त्यातच ठेवू ना? इकडे दमटपणा फार.

जुनाट

घर जपून ठेवा, पण दुर्बीण त्यात नको. चामडं ओल धरतं आणि त्यातली कमावायची रसायनं पोलादाला गंज चढवतात. बंद अंधारात भिंगावर बुरशीही धरते. उघड्या फळीवर ठेवा, नाहीतर सिलिकाची पुडी टाकून हवाबंद डब्यात. पुडी वेळोवेळी बदला. आणि चामड्याच्या घराच्या आत नाव, गाव, तारीख काही लिहिलंय का ते बघून इथे टाका. खूपदा तिथेच सापडतं.